चौरस्त्यावर विचारलेलं नाव

हेझलबर्न मठ, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

चि. हेरेवाल्ड यास हिल्डगिथताईचे अ. आ. वि. वि.

तुझ्या राज्याला वीस वर्षं झाली म्हणून आम्ही सगळ्या जोगिणींनी प्रार्थना केली. तू धाडलेलं मेण पोचलं. मधाचा बुधला मात्र वाटेत हलका झाला, तुझ्या स्वाराला विचार.

आता थोडी रागावते. पहिल्या लढाईनंतर तू हिवाळाभर तापानं फणफणला होतास. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा तूच धरून आणलेल्या त्या वेल्श दासीनं जवाची पेज भरवून तुला जगवलं. बरा झालो की हिला मोकळी करीन, असं तू माझ्यादेखत बोललास. तट बांधलेस, तह केलेस, एवढंच तेवढं राहिलं. ती आता थकली असेल. सोडलीस की मठातल्या पवित्र पोथीत नोंद करते. तिचं नाव कळव.

रागावले तरी माया आहे तेवढीच आहे.

हिल्डगिथ


राजवाडा, आठ दिवसांनी

ती. ताईस हेरेवाल्डचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान धरले. मध स्वारानंच चाटला होता.

ताई, तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं. सगळे तिला नुसतं 'परकी' म्हणत आलो. स्वयंपाकघरातही कोणाला सांगता येईना. फार लाज वाटली. काल रिवाजाप्रमाणे तिला चौरस्त्यावर नेलं, धर्मगुरूंसमोर सांगितलं की आता चारही वाटा तुझ्या, आणि मग नाव विचारलं. ती म्हणाली, नेस्त.

मग तिनं विचारलं की यातली आमच्या गावाची वाट कोणती, आणताना डोळे बांधले होते. ते मीच बांधले होते, ताई. मी तिला माझ्या घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून दिवस मावळेपर्यंत चालत सरहद्दीच्या नदीवर पोचवलं. वाटेत क्षमा मागितली. ती म्हणाली, अंगावर कांबळं घे, पुन्हा ताप यायचा.

तू आठवण दिलीस, हे उपकार विसरणार नाही. अशीच रागावत राहा.

हेरेवाल्ड


हेझलबर्न मठ

चि. हेरेवाल्ड यास अ. आ.

नोंद झाली. आधी सोडणाऱ्याचं नाव लिहायचं, मग सुटलेल्याचं, असा रिवाज आहे. मी उलटं लिहिलं: 'नेस्त, जिच्यामुळे हेरेवाल्डनं वीस वर्षं राज्य केलं.' बिशप रागावले तर मी बघून घेईन.

कांबळं घेत जा.

तुझी ताई