दाढेचं रक्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

निघाली एकदाची! उजवीकडची, खालची अक्कलदाढ. आडवी बसून पुढच्या दाढेला रेटा देत होती. अंबडला पाशामियाँच्या पोरीकडे, डॉक्टर कशफकडे काढली. पाशामियाँच्या हार्डवेअरमधून मी वीस वर्षं पाईप नेतोय. ही पोरगी तेव्हा गल्ल्यामागं बसून चित्रं काढायची. आज माझ्या तोंडात पक्कड घालते! हात मात्र हलका आहे. मान्य.

सूचना भरपूर. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. "आणि काका, काहीच ओढून प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. तिला प्लास्टर समजा. ते निघालं की पुन्हा सुरू."

प्लास्टर म्हणाली म्हणून ध्यानात राहिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

उशीवर डाग. तोंडाला लोखंडाची चव. एवढं येणारच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ज्योत्स्ना उद्या येणार, बाळंतपणाला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच. आणि बाथरूम अर्धवट! जुन्या मोरीची फरशी गुळगुळीत. दिवस भरलेली बाई तिथं घसरली म्हणजे? खडबडीत फरशी आणली, कमोड आणला. उतार असा पाहिजे की पाणी थांबू नये आणि पायाला कळूही नये. हे मला कुणी शिकवलं नाही. स्वतःच्याच फरश्या उखडून उखडून शिकलो.

हाताखालच्या वसंताला लेवल पाईप पाण्याने भरायला सांगितलं. नळीत बुडबुडे. एक जरी राहिला तरी पातळी खोटी निघते. दोनदा सांगितलं, ऐकेना. शेवटी नळी हिसकली, तोंडाला लावली आणि ओढली!

नळीच्या टोकाशी पाणी लाल.

वसंता बघतच राहिला. "मिस्तरी, गुटखा कवापासून?"

"सुपारी खाल्ली न्हाई मी जिंदगीत!" म्हणालो, आणि हनुवटीवरून ओघळ आला.

चूक माझी. प्लास्टर मीच उपटलं. असो – कारण सापडलं की काम सोपं. कापूस दाबून धरला. पातळी मात्र बराबर आली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्योत्स्ना आली. माझा गाल बघून म्हणते, "पप्पा, लाडू एकट्यानंच खाताय का?" हसलो नाही. हसलो असतो तर दात दिसले असते.

दिवसभर गिळतोय. तुरटी लावली. चहापत्तीची पुरचुंडी धरली. थांबतं – आणि परत झिरपतं. बायकोचं, पुष्पाचं एकच, "फोन लावा कशफला." काय सांगू तिला? एवढं बजावूनही पाईप ओढला म्हणून?

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी वाकलो आणि भिंत फिरली. पुष्पाने मला विचारलंसुद्धा नाही, गाडी बोलावली.

कशफने टाके घातले, रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. पाईपाचं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. त्याचीच भीती वाटली.

"पाईपानं एकदा येईल काका. एवढे दिवस नाही येत. रक्त पातळ व्हायची गोळी घेता का?"

नाही.

"घरात कुणाला असं जास्त रक्त जायचं?"

"आमच्यात? बिलकुल न्हाई!" ठासून सांगितलं.

तरी तिने दंडातून रक्त काढून पुढं तपासायला पाठवलं. खर्चा वाढवतात उगाच.

९ फेब्रुवारी, रविवार

टाक्यांतूनही झिरपतंय. कमी, पण झिरपतंय.

पुष्पा चुलीपाशी बोलली, माझ्याकडे न बघता. "तुम्ही डॉक्टरीनीला न्हाई म्हणलात. तुमची माय कशानं गेल्ती मंग?"

आई. धाकट्याच्या वेळी. मी सात वर्षांचा. सुईणीने गोधड्या बाहेर टाकल्या, एकीवर एक, सगळ्या भिजलेल्या. आईने पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आत गेलो, तोवर तिचं मागणं संपलं होतं. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं, अवसेला ओढ्यावर गेल्ती. विहारात जाणारा माणूस मी, असलं मानत नाही. पण दुसरं कारणही कुणी दिलं नव्हतं.

पुष्पा थांबली नाही. "आन आपल्या ज्योत्स्नाला पयल्यापासून लई जातं. सातवीत दर महिन्याला शाळा बुडायची तिची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"बाप्या माणसाला काय सांगायचं त्यात?"

बाथरूमचा उतार मला सुतासुताने माहीत. हे माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कशफला फोन केला. म्हणालो, शनिवारी मी चुकीचं सांगितलं. आईचं सांगितलं, ज्योत्स्नाचं सांगितलं.

तिने विचारलं, "काका, ताईची तारीख कधीची?"

"महिनाअखेर."

"गावात बाळंतपण करू नका. आजच घेऊन या तिला. रक्त तपासायचंय."

ज्योत्स्ना भडकली. "दाढ तुमची, आन सुई मला? गावातल्या डॉक्टरीनबाईंकडं नाव घातलंय माझं! हे बाथरूम बांधलं ते कुणासाठी मंग?"

तिला आजीचं सांगावं लागलं. ऐकत गेली. पोटावर हात ठेवून बसून राहिली. मग स्वतःच चप्पल घातली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दाढेचं रक्त थांबलं. आता त्याचं काहीच वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आले. रक्त गोठवणारा एक घटक माझ्यात कमी. जन्मापासून! एवढी वर्षं खपून गेलं. कशफ म्हणाली, बहुतेक आईकडून आलंय.

ज्योत्स्नाचा – तोच.

कशफने औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः बोलून ठेवलं. बाळ होताना नाही, नंतर धोका जास्त, म्हणाली. परवा जातोय, तिथंच खोली घेऊन राहायचं.

संध्याकाळी नव्या फरशीवर बसलो होतो. आईला बाहेरचं काही लागलं नव्हतं. ओढ्याचा काही दोष नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाट बघणे. जावई पायऱ्यांवर बसून असतो. बाथरूमला इथं उतारच नाही, पाणी साचतं. ज्योत्स्नाला धरून नेतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मुलगी. नंतर रक्त सुटलंच! आत पळापळ, दार बंद. पण औषध आधीच आणून ठेवलेलं होतं, सुई हातात लावलेली होती.

थांबलं.

मला आत सोडलं. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, कधी उचलला आठवत नाही. ज्योत्स्नाने डोळे उघडले.

"पप्पा," म्हणाली, "पाणी नका देऊ. भूक लागली."