थोरल्याला खोली मिळण्याची अट

माझ्या मागे या खोलीत जमलेल्या सोयऱ्यांनो, तुम्हा सर्वांचं माझ्याबद्दल एकच गाऱ्हाणं आहे: म्हातारी नातवंडांशी नको ते बोलते. संपाच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर हजारांपुढे बोलले तेव्हा टाळ्या वाजवल्यात. घरात दोघांशी बोलले तर कानांवर हात. म्हणून हे मृत्युपत्र. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासलं आहे. कोणाचा दबाव नाही. थोरला मुलगा दबाव आणायला आला होता. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

१. शिवणयंत्र आणि मोठी कात्री नातीला. थोरल्या सुनेची त्या कात्रीवर नजर आहे, तेव्हा वाचन चालू असताना तिच्या पिशवीकडे लक्ष ठेवावं.

२. पुस्तकांचं कपाट दोन्ही नातवंडांना. शरीरशास्त्राचं जाड पुस्तक जागेवर आहे का, ते आधी पाहावं. मध्यंतरी ते आपोआप माळ्यावर चढलं होतं. पुस्तकांना पाय नसतात, थोरल्याला आहेत.

३. मुलगी गेल्यापासून तिची ही दोघं मीच वाढवली. यापुढे ती धाकट्या मुलीकडे राहतील, थोरल्याकडे नाही. कारण लिहिते.

नातू शाळेआधी मोरीत चादर धुताना सापडला. म्हटलं, "काय रे, एवढा कामसू कधी झालास?"

"आजी, मला रोग झालाय. मामा म्हणाला, झोपेत असं झालं की ताकद संपते."

"अरे गाढवा, मग तुझ्या मामाची केव्हाच संपायला हवी होती!"

तो हसला, मग रडला. मी सांगितलं, वयात येताना झोपेत वीर्य जातं. तो रोग नाही, त्याला औषध लागत नाही. नात शेजारीच होती. तिला पाळीबद्दल सांगितलं तेव्हा तोही होता. पण त्याच्या उशीखाली पुड्या निघाल्या, मामाने बाजारातल्या तंबूवाल्या वैदूकडून आणलेल्या. त्या खाऊन पोर ओकत होतं. पुड्या मी गटारात टाकल्या. भीती मात्र गेली नाही. बाईमाणसाला यातलं काय कळतं, हेही मामानेच त्याच्या डोक्यात भरवलं आहे.

४. राहतं घर नातवंडांचं. पुढची खोली थोरल्याची, पण एका अटीवर. तो पुटपुटून वेळ मारून नेईल असा मला दाट संशय आहे, म्हणून वकिलांनी वाचन इथेच थांबवावं.

थोरल्या, ऊठ. भाच्याला समोर बसव आणि सगळ्यांदेखत मोठ्याने सांग: "तू आजारी नाहीस. तुझ्या वयात मलाही असंच व्हायचं."

सही: आजी
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, दार आतून लावून
तारीख: १२ मार्च