मशीन सुरू करायला सांग

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार वगैरे. तू मजेत असशीलच. इथे आम्हीही ठीक आहोत, आईचा गुडघा सोडून, आणि त्या गुडघ्याबद्दल आई तुला फोनवर सविस्तर सांगतेच. फोनवर आई शेजारी उभी असते आणि तू "बरं बरं, अभ्यास कर" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

अभ्यासाचं म्हणशील तर शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि माझ्या डोक्यात काडीचंही शिरत नाहीये. पुस्तक उघडते, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते, मग पेन्सिलींना टोक काढते. आता टोक काढायला पेन्सिली उरल्या नाहीत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वेळापत्रक करा. केलं. रंगीत केलं, त्यातच अख्खा दिवस गेला. मैत्रीण म्हणाली, पास झाल्यावर काय काय करायचं ते डोळ्यांसमोर आण. आणलं आणि मला झोप लागली.

तू हसत असशील. हस. मला रडू येतंय.

घर नुसतं चिडीचूप झालंय गं. मी वर पुस्तक घेऊन बसले की बाबा खाली कारखान्यात करवतीचं मशीन बंद करतात. आई मिक्सर टॉवेलात गुंडाळून फिरवते. जिना चढताना बाबा चपला हातात घेतात. परवा मिस्त्रीकाकांना शिंक आली, तर बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे दुसरी शिंक द्यायला रस्त्यावर गेले. मी मशीनच्या त्या घरघरीत लहानाची मोठी झाले, पाढेसुद्धा त्यातच पाठ केले. आता शांततेत माझे कान तिचीच वाट बघत बसतात.

मी उठले तर "झाला एवढ्यात?" असा आईचा चेहरा, म्हणून मी बसून राहते. मी बसते म्हणून मशीन बंद राहतं. दवाखान्याच्या दारांचं काम वेळेत झालं नाही, ते पलीकडच्या गल्लीतला सुतार घेऊन गेला. अर्धवट दारं भिंतीला टेकून उभी आहेत. माझ्या न झालेल्या अभ्यासापायी! इतकी चिडचिड होते, पण काढू कुणावर?

काल खाली जाऊन सरळ म्हटलं, "बाबा, मशीन चालू करा. मला आवाजातच जमतं."

"तू आमची काळजी नको करू. जा वर."

"अहो, खरंच सांगतेय."

बाबा फडक्याने करवतीचं पातं पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग म्हणाले, "एका पोरीचं वर्ष या मशीनने खाल्लं. दुसरीचं नाही खाऊ देणार."

ताई, जे लिहायला बसले ते आता लिहिते. तू नापास झालीस त्या निकालाच्या दिवशी म्हणालीस, "या घरघरीत कोण पास होणार?" तू बोलून गेलीस, बॅग भरून नोकरीच्या गावी गेलीस. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. पण तू अभ्यासाला बसत होतीस कुठे? मागच्या जिन्याने नाटकाच्या तालमीला सटकायचीस, आणि मशीन चालू असायचं म्हणून मागचं दार वाजलेलं कुणाला ऐकू यायचं नाही. कडी मीच काढायचे. मशीनने तुझं काही खाल्लं नाही, उलट तुला सांभाळून घेतलं.

काल हे अगदी जिभेवर आलं होतं. तुझी चुगली करणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून गिळलं. तुला कुणी रागावणार नाही गं. मी पास होईन की नाही, देव जाणे. पण स्वतःला दोषी धरून बाबा त्या बंद कारखान्यात हातावर हात ठेवून बसतात, ते मला बघवत नाही.

फोन कर. आईला नको, मला नको, बाबांना कर. आणि तुझ्या तोंडून सांग.

आत्ताच खाली कुणीतरी खुर्ची सरकवली आणि चूक झाल्यासारखी मध्येच थांबवली.

मला उत्तर पाठवू नकोस. मशीन सुरू झालं की मी समजेन.

अजून तरी गप्प असलेली,
तुझी धाकटी