ईयोबाचा शेवट मला कुणी सांगू नये

धाकटे,

तुला आणि तुझ्या साहेबांना अक्काचा सलाम. प्रभू तुम्हा दोघांना ठणठणीत ठेवो, म्हणजे मला दर पत्रात विचारत बसावं लागणार नाही. तुझा गुडघा कसा आहे? साहेबांची ती दाढ पडली की अजून तिच्यावर नुसती चर्चाच चालू आहे? (उत्तर चार ओळींत दे. मागच्या खेपेला दाढेवर दोन पानं होती.) इकडे मुलगा, सून, नात सगळे मजेत आहेत आणि माझी प्रकृतीही उत्तम आहे, फक्त पोटात लिंबाएवढी गाठ निघाली आहे आणि पुढच्या मंगळवारी ती कापून काढणार आहेत. तीन आठवडे झाले कळून. तुला आधी कळवलं नाही, कारण तू रडतेस, आणि रडताना फार बोलतेस. घाबरू नकोस आणि धावत येऊही नकोस. हे पत्र गाठीसाठी नाही, ईयोबासाठी आहे.

आता ईयोबाचं मला काय पडलंय असं तू म्हणशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. आईने तुला शाळेत घातलं आणि मला इस्पितळाच्या लाँड्रीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही (आहे, पण ती वेगळ्या पत्रात). तू रविवारशाळेत पोरांना बायबल शिकवायचीस तेव्हा मी रोलरमधून चादरी काढत होते, कारण आजारी माणसाला रविवार कळत नाही आणि चादरीला तर मुळीच नाही. चाळीस वर्षांत मी चर्चचा उपदेश पुरा ऐकला तो सहा-सात वेळा, त्यातले दोन लग्नातले आणि बाकीचे मयतीतले. नोहा मला ठाऊक होता, दावीद ठाऊक होता, मधलं सगळं रिकामं. आता घरी बसल्यापासून चर्चला जायला लागले, पण तिथल्या खुर्च्या अशा केल्या आहेत की टेकलं की डोळा लागतो.

मग माझा म्हातारा गेला. तो कसा गेला हे तुला ठाऊक आहे. मी दोन कप चहा गाळून वळले तर पिणारा एकच उरला होता, तो मी. त्या दिवसापासून माझं देवाशी बोलणं बंद. भांडण नाही काही, नुसतं बंद, जसं वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीशी आहे. म्हाताऱ्याचा रेडिओ कपाटावर पडून होता. सून तो कुणाला तरी देऊन टाकायला निघाली, म्हणून तो चालतो का बघायला मी त्याचा कान पिळला, तर कान माझ्या हातातच आला. तेव्हापासून त्या रेडिओवर एकच केंद्र लागतं आणि त्यावर संध्याकाळी साडेसहाला एक गुरुजी बायबल शिकवतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने, रविवार सोडून रोज अर्धा तास, आणि सगळं संपायला पाच वर्षं. हे मी ठरवून धरलं असं चर्चमधल्या बायकांना वाटतं. मी कशाला त्यांना मोडक्या कानाचं सांगू?

गुरुजींचं बोलणं म्हणजे मुंगी पायरी चढते तसं. मधेच खोकतात, माफी मागतात, मग खोकला कुठे लागला होता तिथून पुन्हा सुरू. "श्रोतेहो, आपापली शास्त्रं उघडा," म्हणतात तेव्हा मी बिस्किटांचा डबा उघडते, कारण तो बारीक टाइप माझ्या डोळ्यांना झेपत नाही आणि काहीतरी उघडलं म्हणजे मान राखल्यासारखा होतो. सुरुवातीला मी नुसती माणसाचा आवाज हवा म्हणून ऐकत होते. पण लेवीय नावाचं पुस्तक आलं, धाकटे, आणि मी डबा खाली ठेवला. कपड्यावर डाग पडला तर धुवा, सात दिवस बाजूला ठेवा, पुन्हा धुवा, तरी निघाला नाही तर जाळून टाका. हेच मी आमच्या सुपरवायझरला तीस वर्षं सांगत होते, आणि त्या मेल्याने मला अडाणी म्हटलं होतं. तू सगळं वाचलं आहेस. मग देवाला धुण्यातलं कळतं हे मला कधी सांगितलं का नाहीस?

मग सात आठवड्यांपूर्वी ईयोब आला. चांगला माणूस, खाऊन-पिऊन सुखी, आणि एका दिवसात गुरं गेली, पोरं गेली, अंगभर फोड आले. मग भेटायला आले तीन मित्र. सात दिवस गप्प बसले तोवर सोन्यासारखे होते, तोंड उघडलं आणि माती केली. तुझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणे. मला लगेच ओळख पटली. म्हातारा गेल्यावर माझ्याकडे अशाच तिघी आल्या होत्या. एक म्हणाली, मीठ जास्त घालत होतीस. एक म्हणाली, त्याला फिरायला पाठवत नव्हतीस. तिसरी (हीच शिंपीण) म्हणाली, जन्मभर रविवारी इस्त्री केलीस त्याचं हे. मी त्यांना चहा दिला, हीच माझी चूक. ईयोबाने नाही दिला. त्याने मित्रांना सरळ सुनावलं आणि मग देवाकडे वळून त्यालाही सुनावलं. एकदा नाही, अध्यायच्या अध्याय. मी म्हटलं, आता वीज पडते. पण नाही पडली. गुरुजी खोकले आणि म्हणाले की, श्रोतेहो, जो भांडतो आहे तो अजून बोलतो आहे, आणि देव ऐकून घेतो आहे.

त्या संध्याकाळी मी सुनेचे सगळे ओढणी-रुमाल इस्त्रीला काढले आणि इस्त्री फिरवत देवाला अर्धा तास बोलले. दोन वर्षांचं साचलं होतं. चहाच्या कपासकट सगळं काढलं. सुनेला वाटलं मी तिला बोलतेय, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. आपटू दे. मला मात्र किती तरी दिवसांनी भूक लागली. तेव्हापासून रोज बोलते. तिकडून उत्तर नाही, पण ईयोबालाही अजून आलेलं नाही, तेव्हा मी काही मनाला लावून घेत नाही.

आता ईयोबाचं पुढे काय होतं हे मला कुणी आधी सांगायचं नाही, असं मी घरात बजावलं. थप्पीतली खालची चादर ओढायची नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि गुरुजी वरून एकेक काढताहेत. घरचे गप्प बसले. पण पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आपले पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, आजचा उपदेश ईयोबाच्या शेवटच्या अध्यायावर. मी दुसऱ्या रांगेत. उठून जावं तर मधे चार जणींचे गुडघे. आधी कानात बोटं घातली. तरी आवाज येतच होता, ते इतर वेळी पुटपुटतात आणि नेमके त्याच दिवशी खणखणीत. मग मी दुसरा इलाज केला आणि गाणं म्हणायला लागले. आवाज तुला ठाऊक आहे, मशीनच्या आवाजावर बोलून बोलून तयार झालेला. पेटीवाला झोपला होता, तो दचकून जागा झाला, त्याला वाटलं उपदेश संपला, त्याने सूर धरला. पेटी वाजली म्हणून लोक उठले, उठले म्हणून गायला लागले, दानाची थैलीसुद्धा फिरली. पाळकसाहेब तोंड उघडं ठेवून उभे. शेवटी बिचाऱ्यांनी आशीर्वाद देऊन टाकला. लोक बाहेर म्हणत होते, आज उपदेश छान झाला, आटोपशीर.

त्यानंतर मी चर्चला जायचं बंद केलं, कारण राहिलेला उपदेश ते पुढच्या रविवारी पुरा करणार असं कळलं. दोन रविवार गेले आणि पाळकसाहेब बायकोला घेऊन घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले, जसं काही त्यांनीच माझं गाणं मोडलं होतं. म्हणाले, "आजी, आमच्याकडून काही चुकलं का?" मी सगळं सांगितलं. पाळकबाई रुमालात तोंड घालून हसत राहिल्या. पाळकसाहेब म्हणाले, "माझं न ऐकण्यासाठीसुद्धा इतके कष्ट आजवर कुणी घेतले नव्हते." मला जरा वाईट वाटलं. चांगला माणूस आहे, फक्त गुरुजी नाही. मग मला धीर द्यायला म्हणून त्यांनी सुरुवात केली, "पण आजी, शेवटी देव त्याला..." आणि पाळकबाईंनी त्यांच्या पायावर असा पाय दिला की पुढचं वाक्य त्यांच्या घशातच राहिलं. त्या बाईला मी सहा बिस्किटं दिली.

ही मंडळी गेली आणि त्याच आठवड्यात गाठ निघाली. गुरुजी एका अध्यायाला दोन संध्याकाळी घेतात, त्या हिशेबाने ईयोब संपायला अजून सात आठवडे, आणि माझं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. मी डॉक्टरला म्हटलं, दोन महिने पुढे ढकला. तो म्हणाला, कशासाठी? मी म्हटलं, ईयोबासाठी. तो म्हणाला, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, तसे कुणी नाहीत, पण फार आजारी आहेत आणि त्यांचं काय होतं ते कळल्याशिवाय मला निघता येत नाही. तो म्हणाला, "मग त्यांनाही दाखवायला आणा." मुलाने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. जिन्यात म्हणाला, "आई, गाठ महत्त्वाची की गोष्ट?" मी म्हटलं, गाठ माझ्या पोटात आहे, तू आवाज खाली घे. पण त्याने माझा दंड अजून सोडला नव्हता, म्हणून मंगळवारला मी हो म्हणून टाकलं.

एक वाट उरली होती. मी रेडिओ केंद्राला कार्ड लिहिलं. "गुरुजींस नमस्कार. आपण फार छान सांगता पण ईयोब जरा लवकर आटपा, माझी शस्त्रक्रिया आहे. मित्रांची भाषणं गाळलीत तरी चालेल. खोकल्यावर गरम पाणी घ्या." काल उत्तर आलं. तिथल्या एका बाईने हाताने लिहिलं आहे, अक्षर सुवाच्य, तरी मला दुसऱ्यांदा वाचल्यावर उमगलं. तिने लिहिलं आहे की आजी, तुमचं कार्ड आम्ही सगळ्यांनी वाचलं, तुमच्यासाठी प्रार्थना करतो, पण घाई करणं आमच्या हातात नाही, कारण गुरुजी अकरा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. ही त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. पाच वर्षं संपली की पुन्हा पहिल्यापासून लावतात.

म्हणजे ज्या माणसाला मी रोज संध्याकाळी पाय उचला म्हणून सांगत होते तो अकरा वर्षांपूर्वीच पोचलेला, आणि मी त्याला गरम पाणी सुचवतेय. पहिल्यांदा राग आला. म्हटलं, इथेही फसवणूक. साडेसहा वाजले, गुरुजी खोकले, माफी मागितली, आणि जिथे होते तिथून पुढे निघाले. तो खोकला साधा नव्हता, हे आता कळतं. इस्पितळात चाळीस वर्षं काढलीत मी, असले खोकले ओळखते, पण जिवंत माणसाचा म्हणून मी तो सर्दीत जमा धरला होता. छातीत तसलं काही घेऊन हा माणूस सावकाश, एकही ओळ न गाळता शिकवत बसला, आणि शेवटी म्हणतो काय, तर उद्या याच वेळी पुढे पाहू. त्याला स्वतःला किती उद्या होते कुणास ठाऊक, आणि तरी त्याचा उद्या मला रोज साडेसहाला मिळतो. मी बिस्किटांचा डबा उघडला आणि ऐकलं. मंगळवारबद्दल मग फार विचार आला नाही. झोपही लागली.

असं आहे सगळं. मी मजेत आहे. भीती वगैरे काही नाही. साहेबांना सलाम सांग, दाढेला सांगू नकोस.

तुझी,
अक्का

ता.क. रविवारी दुपारच्या गाडीने ये. मोठी पिशवी आण, कारण वॉर्डात रेडिओ चालू देत नाहीत. मागच्या बाजूला आमच्या लाँड्रीचं दार आहे, तिथली मुकादमीण माझ्या हाताखाली शिकलेली आहे, माझं नाव सांग आणि चादरींच्या गाड्याबरोबर आत ये. मी शुद्धीवर नसले तरी साडेसहाला रेडिओ माझ्या उजव्या कानाशी धरायचा. डाव्याने मला काही ऐकू येत नाही. अर्धा तास एक अक्षर बोलायचं नाही. तुला जड जाईल, पण बहीण आहेस.

पुन्हा ता.क. तुला ईयोबाचा शेवट ठाऊक आहे, तीस वर्षं शिकवला आहेस, आणि तो सांगायचा नाही ही माझी ताकीद तुलाही लागू. पण मला स्ट्रेचरवरून आत नेताना मी बोट हलवलं, तर खाली वाक. गुरं परत मिळाली का, फोड बरे झाले का, ते काही नको मला. देव शेवटी त्याच्याशी बोलला का, तेवढंच सांग. हो की नाही, एका शब्दात. लांबण लावू नकोस.