झेलीचा हात

पॅरिस, ९ जानेवारी १८६८

पंचवीस छाप काढले. कंबर गेली! चित्राचं नाव 'गरिबाघरचं मरण'. गवताच्या गादीवर मेलेली पोर, फुटकी खिडकी, गादीबाहेर पसरलेला हात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलंय दुव्हालसाहेबांनी. मला म्हणाले, "आन्सेल्म, हाताभोवतीची शाई हळू पूस. लोक त्या हातासाठीच घेणार!"

पुसली. पोर ओळखीची आहे — माझ्या जिन्यावरच्या ओनोरीनची झेली. नोव्हेंबरात साहेब आमच्या गल्लीत चित्राजोगी गरिबी शोधत फिरत होते. झेली तापाने फणफणलेली, ओनोरीनला धुणं सोडून चालणार नव्हतं. "मी बसतो पोरीपाशी," म्हणाले. संध्याकाळी ती परतली तर सगळं आटोपलेलं. "तू गेलीस आणि लगेच झोपेतच गेली बिचारी." एक छाप देतो म्हणाले होते. दिला असेल तर शपथ!

१२ जानेवारी

वर्तमानपत्रात साहेबांची वाहवा. 'केवढी करुणा!' करुणा म्हणे.

१४ जानेवारी

एक छाप सदऱ्याखालून आणला. ओनोरीनने पाहिला न पाहिला, परत केला. "ही माझी झेली नव्हे, आन्सेल्मबाबा. तिचा भाजल्याचा डाग डाव्या गालावर. खिडकीही भलतीकडे. कुणाचं घर उचलून आणलंत?"

मी गाढव! छापात सगळं उलटं येतं. तीस वर्षं उलटंच बघतोय, ध्यानातच आलं नाही. पोरीची दुसरी तसबीर नाही तिच्याकडे.

उपाय आहे. ओल्या छापावर कोरा कागद ठेवून दोन्ही यंत्रातून काढायचे. पुसट उमटतं, पण सुलटं.

१५ जानेवारी

साहेबांचा हुकूम — पन्नास झाले की तांब्याच्या पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून तो बाद कर. छाप थोडे, मान मोठा! म्हणजे जे काय करायचं ते उद्याच.

१६ जानेवारी

सुलटा काढला, नेऊन दिला. ओनोरीनने डागावरून बोट फिरवलं. "हीच. हीच माझी." रडली. मीही.

मग बोट थांबलं. "हा पाण्याचा पेला पायाशी कसा? मी उशाशी ठेवून गेले होते. हात पोचेल असा."

मांडणीसाठी सरकवला असेल, म्हणालो. चित्रकार करतात तसं.

१७ जानेवारी

पत्रा बाद करायला घेतला. पेला काठोकाठ भरलेला. हात सरळ त्याच्याकडे — म्हणजे साहेबांनी पेला पायाशी सरकवल्यावर पसरलेला.

पोर मेलेली नव्हती — पाणी मागत होती! आणि तो चित्र काढत बसला.

पत्रा घरी आणलाय. रेघ ओढली नाही.