तुरीतला झेल

सोम., २४ नोव्हेंबर

दत्ता सकाळी पावणेसातलाच दारात. दाढी नाही, मफलर कानाला. सुमनने चहा टाकेपर्यंत रिमोट याच्या हातात. महिनाभर दर सोमवारी हेच. याची मुलगी मंजू टेक्सासात. तिथली रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. जावई म्हणाला होता, "बाबा, यायच्या आधी आमचा फुटबॉल समजून घ्या, नाहीतर रविवारी घरात एकटे पडाल." म्हणून हा अभ्यास, आणि तोही माझ्या टीव्हीवर, कारण याच्या टीव्हीला मंजूची लिंक चालत नाही.

नाव फुटबॉल, पण पाय क्वचितच लावतात. चेंडू पपईसारखा. गडी खांद्याला गाद्या बांधून एकमेकांवर सांडासारखे जातात. जावई निळ्यांच्या बाजूचा, म्हणून दत्ता निळ्यांच्या. मग मी पांढऱ्यांच्या. कुणीतरी विरुद्ध पाहिजे.

आज पांढऱ्यांच्या एका उंच गड्याने कोपऱ्यात सूर मारला. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी. दोन्ही पाय रेषेच्या आत टेकले, मग आडवा पडला. पडल्यावर चेंडू जमिनीला लागून जरासा सरकला. पंचांनी पुन्हा पुन्हा चित्र पाहिलं. निकाल : झेल नाही.

मी उठूनच उभा राहिलो. "न्हाई कसा? धरला की त्यानं!"

"पडल्यावर हालला."

"हालला म्हंजी सुटला का बे?"

"हालला म्हंजी हालला," दत्ता म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला.

यावरून नऊ वाजले. दुकान उशिरा उघडलं. एक गिऱ्हाईक विहिरीच्या मोटारीचा वॉशर घ्यायला येऊन परत गेलं म्हणे.

मंगळ., २५ नोव्हेंबर

कालचं "हालला म्हंजी हालला" डोक्यातून जात नाही. हा असाच बोलतो, आणि मला तुरीतला झेल आठवतो. सुमनला सांगायला लागलो तर म्हणाली, "मला पाठ आहे, तुमच्या वहीला सांगा." तर वहीला.

आम्ही दोघं विशीतले. आपल्या नेकनूरचं मैदान ओढ्याच्या वरच्या अंगाला. तीन बाजू मोकळ्या, चौथ्या बाजूला तूर. डिसेंबरात ती पुरुषभर उंच व्हायची. फिल्डर आत शिरला की दिसेनासा. मग बॅटिंगवाले बोंब मारायचे, टप्पा पडलेला उचलून आणला म्हणून. भांडणं, काठ्या. शेवटी गावातल्या थोरांनी नियम घातला. तुरीत झेल घेणाऱ्याने बाहेर यायचं आणि चेंडू बांधावरच्या म्हसोबाच्या दगडावर ठेवायचा. ठेवला की आउट, पुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही. म्हसोबापुढे खोटं करायची छाती कुणाची होती? बाहेरचे संघही मानायचे.

वडवणीशी फायनल. त्यांचा एक डावखुरा जमला होता. माझ्या चेंडूवर त्याने उंच मारला, तुरीकडे. दत्ता मागे धावत आत गेला. तूर हलली. धप्प आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग हा बाहेर आला, केसांत तुरीची पिवळी फुलं, हातात चेंडू. आम्ही नाचायला लागलो. हा दगडाकडे चालला. दगडापाशी थांबला. वाकला नाही. उभा राहिला आणि चेंडू माझ्याकडे फेकला.

गुरुजी पंच होते. म्हणाले, नॉट आउट. डावखुऱ्याने पुढचं काम केलं. शिल्ड वडवणीला गेली.

सुटला होता, असं दत्ता कधी म्हणाला नाही. धरला होता, असंही नाही. विचारलं की एकच, "दगडावर ठिवला न्हाई ना? मग इशय संपला."

दोन वर्षांनी याला बायको मिळाली ती वडवणीची. गावाला आयतंच कोलीत. वरातीत पोरं ओरडत होती, शिल्ड पण दिली, जावई पण दिला! लतावहिनी पदराआड हसत होत्या. पुढे वहिनीच चिडवायच्या, "भावजी, माझ्यापायीच सोडला म्हना झेल." काय दिवस होते. वहिनींना जाऊन तिसरं वर्ष चालू आहे.

शुक्र., २८ नोव्हेंबर

दत्ताचं तिकीट आलं. ११ जानेवारी, मुंबईहून. सहा महिन्यांसाठी. रान बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं. दुकानात येऊन सहज सांगितल्यासारखं सांगितलं आणि पाइपांचा भाव विचारत बसला. त्याला पाइप नको होते.

सोम., १ डिसेंबर

जावई फोनवर. मीच धरलं त्याला, म्हटलं तुमच्याकडे झेल म्हणजे नक्की काय ते एकदा सांगा. बिचारा उत्साहाने सांगू लागला. "काका, तीन गोष्टी. चेंडू ताब्यात पाहिजे. दोन पाय आत टेकले पाहिजेत. आणि त्यानंतर खेळातलं काहीतरी पुढचं केलं पाहिजे, एखादं पाऊल, वळणं, किंवा तेवढा वेळ तरी चेंडू हातात राहिला पाहिजे."

"आणि पडला तर?"

"पडतानाच घेतला असेल तर जमिनीवर आदळूनही टिकला पाहिजे. पण काका, इथेही लोक वर्षानुवर्षं भांडतात. नियम बदलतात, तरी भांडतात."

मी म्हटलं, म्हणजे पोरगी पसंत पडली, लग्न झालं, तरी वर्षभर नांदून दाखव मग लग्न झालं म्हणू! जावई हसला. मागून मंजूही हसली. दत्ता हसला नाही. म्हणाला, "बराबर हाय त्यांचं. धरनं सोपं असतंय. टिकलं पायजे."

बरोबर कसलं! हातात आला तेव्हाच झेल झाला. जमीन कोण मधे बोलणारी?

गुरु., ४ डिसेंबर

टपरीवर विषय काढला. काढायला नको होता. निम्म्या नेकनूरने निकाल दिला. म्हाताऱ्यांना तुरीतला झेल आठवत होता, तरुणांना नव्हता, तरी सगळ्यांना मत होतं. एक जण म्हणतो दत्ताने वडवणीच्या सासऱ्याकडून आधीच सुपारी फोडून घेतलेली. दुसरा म्हणतो तुरीत साप निघाला. तिसरा म्हणाला, दत्ता सरळ माणूस, उगाच सरळ. या तिसऱ्याला मी चहा पाजला.

गर्दी तशी कमीच. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं बंद. या दिवसांत गाव अर्धंच असतं.

सोम., ८ डिसेंबर

भांडण. खेळावरून नाही.

जाहिराती लागल्या होत्या. मी म्हणून गेलो, "तिथं काय करनार बे तू? सोफ्यावर बसून ऱ्हानार?"

"हितं काय करतो?"

"हितं मी हाय."

त्याने टीव्हीकडे पाहत सांगितलं, "बस्वा, तुला सुमन हाय. मी घरी गेलो की कुलूप काढतो. रोज मीच लावायचं, मीच काढायचं."

मी गप्प बसायला हवं होतं. म्हणालो, "मग जा. अर्धवट सोडून जायची सवयच हाय तुला." तो उठला. मफलर खुर्चीवरच राहिला.

सुमन स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. दुपारी भाकरीसोबत मिरचीचा ठेचा भरपूर वाढला.

सोम., १५ डिसेंबर

आला नाही. मी लावला टीव्ही. पांढरे जिंकले. कुणाला सांगणार? अर्ध्यातच बंद केला.

या माणसाशिवाय मला करमत नाही. लिहून ठेवतो. शाळेत एका बाकावर, बीडला कॉलेजात एका खोलीत, माझं दुकान पहिल्यांदा उघडलं तेव्हा नारळ यानेच फोडला. आणि बावळटासारखं भांडून बसलोय.

बुध., १७ डिसेंबर

सुमन मफलर धुऊन, घडी करून त्याच्याकडे देऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "रविवारी हुरड्याला बोलावलंय दोघांना. मी हो म्हणून आले."

रवि., २१ डिसेंबर

दत्ताच्या रानात हुरडा. ज्वारी यंदा दाणेदार. आगटी पेटवून कणसं भाजायला तोच बसला, हात राखेने पांढरे. लसणाची चटणी, गूळ, दही. सुमन आणि बटईवाल्याची बायको गप्पांत रमल्या. आम्ही दोघं जरा पाय मोकळे करायला म्हणून निघालो ते चालत थेट मैदानापर्यंत.

मैदान कुठलं! प्लॉटिंग झालंय. चुन्याच्या रेघा, निळ्या रंगाचे खुणेचे दगड, रस्त्यासाठी टाकलेला मुरूम. तूर नाही. म्हसोबाला मात्र टाइल्स लागल्यात, पुढे लोखंडी गेट. दत्ताने चप्पल काढून हात जोडले. मीही.

मी म्हणालो, "परवा बोललो ते..."

"जाऊ दे."

"न्हाई, ऐक. आता तू चाललास. एकदा सांग. धरला व्हता का?"

"तुला कावून पायजे ते आता?"

"तू चाललास म्हनून."

गेटच्या कट्ट्यावर बसला. मुरमातला एक खडा उचलून इकडून तिकडे करत राहिला. मग बोलला. त्याच्याच शब्दांत लिहितो.

"वर बघत पळत व्हतो. हाताला लागला, तेवढं खरं. मग पाय आडकला आन पडलो. पडताना डोळे मिटले माझे. उघडले तवा चेंडू हातात व्हता, छातीखाली. मधी मातीला लागला का न्हाई, मलाच म्हाईत न्हाई बस्वा. लई आठवून पाह्यलं. लागला म्हाईत असतं तर सुटला म्हनलो असतो. लागला न्हाई म्हाईत असतं तर ठिवला असता. म्हाईतच न्हाई तर काय ठिवू दगडावर?"

इतकी वर्षं वाटत होतं याला माहीत आहे आणि हा सांगत नाही. जरा रागच आला.

"मग तवाच सांगायचं की! मला तरी!"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हनला असता, ठेव."

म्हणालोच असतो. आताही म्हणतो. चेंडू हातात होता. पण हे त्याला म्हणालो नाही. त्याच्या शेजारी बसलो. लांबून सुमनच्या हाका येत होत्या, हुरडा गार होतोय म्हणून. आम्ही तरी बसून राहिलो. तो डावखुरा आठवतो का, विचारलं. आठवत होता. मागल्या साली वडवणीच्या बाजारात भेटला म्हणे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोघंही हसलो, का ते माहीत नाही.

सोम., २९ डिसेंबर

दत्ता वेळेवर. चहा दोनदा. निळे हरले. भांडण यथास्थित.

सोम., ५ जाने.

शेवटचा सोमवार. कुणी तसं म्हणालं नाही. सुमनने सकाळीच शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, अर्ध्या डब्यात बांधून दिल्या. विमानात नेऊ देतात का यावर दीड तास. खेळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रवि., ११ जाने.

काल दुपारी बीडच्या स्टँडवर सोडून आलो. मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसवला. बॅगा सांभाळ, पाणी पी, पासपोर्ट वरच्या खिशात, हेच सगळं बोललो. गाडी हलली तेव्हा त्याने हात बाहेर काढला, कंडक्टर ओरडला, आत घेतला.

परतताना जीप भरलेली होती. मागे उभा राहून आलो. रडलो म्हटलं तर रडलो. धूळ फार होती हेही खरं.

गुरु., १५ जाने.

मंजूचा मेसेज, बाबा पोहोचले, छान आहेत, पोळ्या शाबूत. फोटोत दत्ता नातीची लोकरी टोपी घालून. माकड दिसतो.

सोम., १९ जाने.

आज टीव्हीशेजारी व्हिडिओ कॉल लावून फोन उभा केला आणि सामना पाहिला. तिकडे तो सोफ्यावर, इकडे मी. एकच सामना, पण त्याच्याकडे जरा आधी दिसतो. त्याचा चेहरा बघून मला पुढचं कळायचं. वैताग.

नात त्याच्या मांडीवर चढून मफलर ओढत होती. "आबा, आबा." तो तिला मराठीत काहीबाही सांगत होता, ती इंग्रजीत काहीबाही. दोघांचं बरं जमलंय. एवढं मोकळं हसताना याला वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पुन्हा एका झेलावर खेळ थांबला. पंच चित्र बघायला गेले. मी सरसावून बसलो. तेवढ्यात दत्ता फोनच्या जवळ आला, आवाज खाली करून म्हणाला, "बस्वा, मंजू म्हनती आता हितंच ऱ्हावा. कागदपत्रं करती म्हनं. नात सोडंना झालीय. पन सकाळी जाग आली की गाव दिसतंय बग. मला काय बी समजंना. तू सांग. तू म्हनशील तसं करतो."

"मी?"

"तुला सगळ्यातलं ठाव असतंय की."

मी, जो तिकडच्या पंचांनाही शिव्या देतो, टीव्हीकडे बघायला लागलो. पंचांचा निकाल आला, झेल धरला. निळ्यांचा होता. जावई मागे नाचत होता. दत्ता बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"दुकान उघडायचंय," म्हणालो. "सांजच्याला फोन करतो. तुझी सकाळ असंल."

दिवसभर दुकानात चुका केल्या. पाऊण इंचाच्या जागी एक इंची पाइप दिला. ये म्हणावं तर त्याच्या मांडीवरून पोर उठवल्यासारखं होतं. परत येऊन काय, तर कुलूप काढणार. राहा म्हणावं, तर मग माझं काय? सुमनला विचारलं. म्हणाली, "तुम्हाला काय हवं ते त्यांनी विचारलेलंच नाही." मग म्हणाली, "किंवा तेच विचारलंय."

आता सात वाजलेत. तिकडे उजाडलं असेल. मी फोन करणार होतो, पण तो आधीच वाजतोय. पडद्यावर दत्ताचं नाव. सुमन दारातून बघते आहे. काय ते मलाही माहीत नाही, तेवढंच खरं सांगतो. उचलतो.