फक्त मोठ्यांसाठी

प्रिय गप्पिष्टे,

तुझा फोन बंद, मेल न उघडलेले, म्हणून हे कागदावर. घरी सगळे बरे. परवा आईला पुन्हा माझी नोकरी समजावत होते: लोकांच्या सॉफ्टवेअर पॅकेजची, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणाऱ्या तयार तुकड्यांची, मी वर्णनं लिहिते, आत काय आहे, कोणासाठी आहे, कोणासाठी नाही. ती म्हणाली, “म्हणजे डब्यांना चिठ्ठ्या लावतेस! त्यासाठी घरातली पहिली पदवी?” बाबांना हसून ठसका लागला. मला मात्र ते पटलं गं.

आपलं औषधाच्या मात्रेचं पॅकेज आठवतं? हिशेब तुझा, चाचण्या माझ्या. वर्णनात तू एकच ओळ टाकलीस, ‘वजनावरून औषधाची मात्रा काढते’, आणि म्हणालीस, “बास, बाकीचं आत वाचतील.” आत मी पानभर लिहिलं की हे लहान मुलांसाठी वापरू नका. पण शोधताना तुझी ओळच तेवढी दिसते. ती वाचून लोक कामाला लागतात.

गेल्या आठवड्यात एका दवाखान्याच्या प्रोग्रॅमरने मला गाठलं. आधी त्याने तुलाच लिहिलं होतं, बरेचदा. त्यांनी ते मुलांच्या वॉर्डात लावलं होतं. मात्रा दुप्पट आली. नर्सला आकडा खटकला आणि तिने सुई खाली ठेवली, म्हणून निभावलं. आणखी कुठे कुठे ते चालू आहे, मला कळायला मार्ग नाही.

पॅकेज जिथे ठेवलंय त्या साइटवाल्यांच्या किती विनवण्या केल्या. मालकाशिवाय वर्णनातलं अक्षरही बदलत नाही म्हणतात, आणि मालक म्हणून नाव तुझं एकटीचं. नियम बरोबरच आहे, म्हणून भांडताही येत नाही. धोक्याची तक्रार केली, तर ‘मालकाला कळवले आहे’ एवढंच उत्तर. नीट वर्णनाचं नवं पॅकेज टाकलं, तरी शोधात जुनंच वर येतं. लोक तुला विचारतात आणि तू बोलत नाहीस. मी बोलायला बसलेय, तर मला कोणी विचारत नाही.

काकू गेल्यापासून काका तुझं ताट दाराशी ठेवतात. रिकामं ताट बाहेर आलं की त्यांना तेवढंच बरं वाटतं. हे मला आत्ता त्यांनीच सांगितलं. तुमच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय मी, समोर तुझं बंद दार आहे. कागद खालून सरकवते. त्या ओळीपुढे ‘फक्त मोठ्यांसाठी’ एवढं घाल. तेही होत नसेल तर यावरच त्या साइटचा तुझा पासवर्ड लिहून परत सरकव, मी करते. दार नाही उघडलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण उघड ना गं.

तुझीच,
चिठ्ठीवाली